खाज पापणीला, कारण नखात

तुमची त्वचा, तुमचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी २६ वर्षांची आहे. बी. कॉम. झाल्यावर पुण्यात पंधरा दिवसांचा नेल आर्टचा कोर्स केला आणि गेल्या दसऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. लग्नसराईत दिवसाला तीन-चार गिऱ्हाइकं असतात. फेब्रुवारीपासून माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला कोरडी पडून चिरायला लागली. भाकरी थापताना इतकी आग होते की डोळ्यांत पाणी येतं. आता महिनाभर सकाळी उठले की पापण्या सुजलेल्या असतात. आमच्या डॉक्टरांनी आधी बुरशीचं मलम दिलं, मग डोळ्यांत घालायचे थेंब दिले. सासूबाईंना वाटलं भांड्यांच्या साबणाने होतंय, म्हणून दोन महिने त्यांनी मला भांड्यांना हात लावू दिला नाही. तरी फरक नाही. एक मैत्रीण म्हणते, त्या लॅम्पच्या प्रकाशाने होतं. जेलच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'हेमा' असं लिहिलंय. माल देणारे दादा म्हणतात, 'हेमा-फ्री' घ्या, काही होणार नाही. टेबल, लॅम्प, सगळं कर्ज काढून घेतलंय. मला हे काम बंद करावं लागेल का? (नाव छापू नये.)
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या खेपेला डाव्या हाताच्या त्या तीन बोटांपाशी थांबले. तू उजव्या हाताने काम करतेस असं धरून चालते. मग डावा हात काय करतो? गिऱ्हाइकाचं बोट धरतो, नखाच्या कडेची कातडी मागे ओढतो, ओघळलेलं जेल टिपतो. नेमक्या त्याच बोटांना चिरा आहेत. अशाच चिरा लसूण सोलणाऱ्या बायकांनाही पडतात, कारण पाकळी आपण डाव्या हाताच्या याच बोटांत धरतो. पण तुझ्या पापण्याही सुजतात आणि सगळं काम सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांनी सुरू झालंय. पत्रावरून निदान करायचं नसतं, तरी एवढं सांगते की माझा पहिला संशय तुझ्या जेलवर आहे. साबणावर नाही, लॅम्पच्या प्रकाशावरही नाही.

आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझ्या डॉक्टरांवर तू रागावणार नाहीस. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई पापण्यांची खाज घेऊन आल्या. मी त्यांचं काजळ बंद केलं, मग शाम्पू बदलायला लावला, मग चष्म्याची फ्रेम बदलायला सांगितली. दीड महिना गेला. चौथ्या भेटीत त्यांनी पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले, तेव्हा नखं दिसली. लांब, गुलाबी, चकचकीत, आणि कडेला कातडीचे पापुद्रे सुटलेले. मी दीड महिना चेहऱ्याकडे बघत होते आणि कारण हातावर होतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यांत पातळ असते आणि आपण दिवसभरात कितीदा डोळ्यांना हात लावतो याचा आपल्याला पत्ता नसतो. बोटाच्या जाड कातडीला जे चार महिन्यांनी जाणवतं, ते पापणीला आधीच जाणवलेलं असू शकतं. तेव्हापासून पापणीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी हात बघते. हे साध्या नेलपॉलिशलाही लागू आहे. त्यातल्या रेझिनची अ‍ॅलर्जी बोटांऐवजी पापण्यांवर आणि मानेवर उठते, हे त्वचारोगाच्या पुस्तकांत फार जुनं आहे.

आता हेमा. एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, हे बनवणाऱ्या बाईंचं नाव आहे का?" तसं नाही. हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट या लांबलचक नावाची ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत. हे पाण्यासारखं पातळ रसायन. जेल पॉलिशमध्ये, विशेषतः बेस कोटमध्ये, ते घालतात कारण त्याच्यामुळे जेल नखाला घट्ट धरून बसतं. बाटलीत त्याचे रेणू सुटे असतात. लॅम्पचा ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की ते एकमेकांना जोडले जातात, साखळ्या बनतात, जाळं विणलं जातं आणि जेल कडक होतं. हे जाळं पुरतं विणलं गेलं की त्यातून तुझ्या कातडीत शिरण्यासारखं फारसं काही उरत नाही.

किती निरुपद्रवी होतं बघ. १९६१ च्या नाताळात प्राग शहरात ऑटो विख्टरले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून घरच्या टेबलावर एक यंत्र बनवलं आणि त्यावर पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स पाडल्या. त्या याच हेमापासून बनवलेल्या होत्या. पक्कं झालेलं हेमा माणसं दिवसभर डोळ्यांत घालून वावरतात, आणि तेच कच्चं असताना बोटाला लागलं तर पापण्या सुजतात. तुझ्या सगळ्या दुखण्याची किल्ली या कच्च्या-पक्क्यात आहे.

कच्च्या हेमाचा रेणू फार लहान असतो. त्याचा रेणुभार १३०. ढोबळ मानाने ५०० च्या खालचे रेणू कातडीच्या वरच्या थरातून आत जाऊ शकतात, म्हणजे याला वाट मोकळीच आहे. आत गेल्यावर आपल्या रोगप्रतिकारशक्तीने एकदा त्याची ओळख पटवून घेतली आणि त्याला शत्रू ठरवलं की ती नोंद जन्मभर राहते. ही ओळख पटायला काही आठवडे लागतात, काही महिनेही लागतात. म्हणून तुला दसऱ्याला काही झालं नाही आणि फेब्रुवारीत झालं. ओळख पटल्यानंतरही खाज लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी येते. सोमवारी जेलला हात लागतो, बुधवारी बोट चिरतं आणि बाई मंगळवारी घासलेल्या भांड्यांना दोष देते. तुझ्या सासूबाईंनी माया केली, पण कारण दुसरीकडे होतं.

हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायला मी आमच्या कोल्हापुरातल्या एका पार्लरमध्ये दोन तास बसले होते. काम करणारी मुलगी अतिशय निगुतीची. आधी तिने नखं फाइलने घासली, धूळ उडाली, ती तिच्या मनगटावर आणि गळ्यावर बसली. मग बेस कोटचा ब्रश. करंगळीच्या नखावर थेंब जरा मोठा पडला आणि कडेच्या कातडीवर उतरला. तिने क्षणाचाही विचार न करता आपल्या डाव्या अंगठ्याच्या कडेने तो पुसला आणि अंगठा ॲप्रनला पुसला. हे मी दोन तासांत अकरा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी लॅम्प लागायच्या आधी, म्हणजे जेल पूर्ण कच्चं असताना. लॅम्पमधून बोट बाहेर काढल्यावर नखावर एक चिकट थर राहतो, तो तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, आणि बोळा धरलेल्या बोटांना ते सगळं लागलं. तो चिकटपणा का राहतो ठाऊक आहे? हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला पक्कं होऊ देत नाही. म्हणजे तो थर म्हणजे कच्चा मालच. तुम्हा मुलींना कोर्समध्ये हा थर पुसायला शिकवतात, पण त्यात काय आहे हे बहुधा कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंधरा दिवसांत रंगसंगती शिकवता येते, तर अर्धा तास हेही शिकवता येईल.

कच्चं राहण्याची आणखी कारणं तुझ्या टेबलावर शोध. जाड थर एकदम लावला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. एका कंपनीचं जेल आणि दुसरीकडून घेतलेला स्वस्त लॅम्प, यांचा मेळ बसेलच असं नाही. वरून कडक लागतं, पण आत अर्धवट शिजलेलं असतं, बाहेरून तांबूस आणि आत कच्च्या राहिलेल्या भज्यासारखं. लॅम्पमध्ये अंगठा तिरका जातो, म्हणून अंगठ्याचं नख जास्त वेळा कच्चं राहतं. त्यासाठी अंगठे वेगळे ठेवून घ्यायचे असतात.

आता काय करायचं. पहिलं, पॅच टेस्ट करून घे. मिरज, कोल्हापूर, पुणे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात चौकशी कर. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात. हेमासाठी व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीत त्याचं २ टक्के मिश्रण वापरतात. ४८ तासांनी चकत्या काढतात, त्या वेळी एकदा आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाठ बघतात, कारण काही डाग उशिरा उमटतात. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, म्हणून लग्नसराई सोडून वेळ घे. जाताना एक गोष्ट मुद्दाम सांग, "मी नखांचं काम करते, मला अ‍ॅक्रिलेट तपासून हवेत." तपासायच्या रसायनांच्या नेहमीच्या संचात ते, म्हणजे हेमाच्या कुळातली ही रसायनं, असतीलच असं नाही. युरोपात मात्र २०१९ पासून हेमा नेहमीच्या मूळ संचातच घेतलंय, इतक्या तक्रारी तिकडे वाढल्या. आणि हो, घरी दंडाला जेल लावून 'टेस्ट' करू नकोस. कच्चं जेल कातडीवर ठेवणं म्हणजे अ‍ॅलर्जी नसेल तर ती ओढवून घेणं.

'हेमा-फ्री' बद्दल. दादांचा हेतू वाईट नसेल, पण हा सल्ला अर्धा आहे. हेमा काढलं की त्याच्या जागी बहुतेक वेळा त्याच्याच कुळातलं दुसरं काही येतं. हायड्रॉक्सिप्रोपिल मेथाक्रिलेट हे तर सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या पुष्कळ जणींना दुसऱ्याचीही निघते. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी हेमा नसलेलं जेल कदाचित जरा बरं, पण तुझ्यासाठी बाटली बदलणं हा इलाज नाही. लेबलवर 'मेथाक्रिलेट' किंवा 'अ‍ॅक्रिलेट' या अक्षरांनी संपणारं काहीही तुझ्या दृष्टीने एकाच घरातलं समज.

हातमोजे घालतेस का, हे तू लिहिलेलं नाहीस. घालत असशील तर कोणते? पांढरे रबरी, म्हणजे लॅटेक्सचे मोजे इथे उपयोगाचे नाहीत, आणि पारदर्शक प्लास्टिकचेही नाहीत. ही रसायनं त्यांतून काही मिनिटांत पार होतात, आणि मग मोज्याच्या आत घामाबरोबर कोंडून राहतात, ते उघड्या हातापेक्षा वाईट. निळे किंवा काळे नायट्राइलचे मोजे घे. तेही कायमचे नाहीत. एकावर एक दोन घालायचे आणि अर्ध्या तासाच्या आत बदलायचे, जेल सांडलं तर तत्क्षणी. मोजा काढताना बाहेरची बाजू बोटांना लागू द्यायची नाही. चेहऱ्याला मोज्याचा हात लावायचा नाही, मोबाइलही मोज्याने उचलायचा नाही, कारण तोच मोबाइल नंतर गालाला लागतो. लांब बाह्यांचा सुती ॲप्रन रोज धुवायचा. घासण्याची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, झाडायची नाही.

आणि तुझा खरा प्रश्न. टेस्टमध्ये अ‍ॅलर्जी निघाली तर जेल आणि अ‍ॅक्रिलिकचं काम स्वतःच्या हाताने करणं थांबवावं लागेल. हे लिहिताना मला जड जातंय, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही हे मला कळतं. पण मलम लावून काम रेटत राहिलीस तर चिरा नखाखाली सरकतात, नख उचललं जातं, आणि काही जणींची बोटांची टोकं बधिर होऊन महिनोन्‌महिने मुंग्या येत राहतात. त्या हातांनी पुढे कुठलंच काम धड होत नाही. टेबल आणि खोली मात्र वाया जात नाही. साधं नेलपॉलिश, मॅनिक्युअर, मेंदी (काळी मेंदी सोडून, तिच्यातल्या पीपीडी या रसायनाचा त्रास वेगळा), तयार चिकटवायची नखं, हे सगळं करता येतं. चिकटवायच्या नखांचा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो. नाव मिळतंजुळतं असलं तरी कूळ वेगळं, बहुतेकींना चालतो. तरी आधी टेस्ट करणाऱ्या डॉक्टरांना विचार. एखादी मुलगी हाताशी घेऊन जेलचं काम तिला द्यायचा विचार असेल, तर कृपा करून तिला पहिल्या दिवशी वर लिहिलेलं सगळं सांग.

बुरशीचं मलम बंद कर. चिरांसाठी काही दिवस स्टिरॉइडचं मलम लागेल, पण ते तपासून घेऊन. बोटांचं मलम पापण्यांना लावायचं नाही, त्यांचं वेगळं असतं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तेव्हा खराब झालेलं नख पूर्ण निघून जायला पाच-सहा महिने धर. टेस्टला जाताना तुझ्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलचे फोटो काढून ने.

प्रश्न : माझं वय ६३. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात सुनेच्या मैत्रिणींनी हौसेने माझीही लांब नखं केली होती. नंतरही वर्षभर सुनेबरोबर जाऊन करत होते. मग हातांना आणि मानेला इसब झालं, पॅच टेस्टमध्ये मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी निघाली. नखं सोडली, इसब गेलं. आता गुडघा बदलायचं ठरलंय. सर्जन म्हणाले, "सिमेंट वापरून बसवतो." शेजारच्या एका नर्सबाई म्हणाल्या, त्या सिमेंटमध्येही हेच असतं. ते खरं आहे का? ऑपरेशन रद्द करू का?
— चिपळूण

उत्तर : ताई, नर्सबाईंनी योग्य वेळी योग्य गोष्ट सांगितली, त्यांचे आभार माना. ऑपरेशन रद्द करू नका, पण सर्जनना भेटून पॅच टेस्टचा कागद त्यांच्या हातात द्या. फोनवर निरोप ठेवून भागवू नका.

हाडांचं सिमेंट हे मिथाइल मेथाक्रिलेटचं असतं. पावडर आणि द्रव थिएटरमध्ये कालवतात, काही मिनिटांत ते तापून कडक होतं. हे रसायन माझ्या ओळखीचं आहे, कारण माझे दीर दंतवैद्य आहेत आणि कवळ्यांसाठी त्यांच्याकडेही हीच पावडर-द्रवाची जोडी असते. तो उग्र, फळांसारखा वास आमच्या जिन्यात येतो. नखांवर ही वस्तू आली तीही दातांकडूनच. १९५४ साली अमेरिकेत फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं, आणि त्याने दातांचं अ‍ॅक्रिलिक वापरून त्यावर नवं नख बेतलं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नखं वेडीवाकडी झाल्याच्या, कातडी सुजल्याच्या तक्रारी गेल्या. त्या खात्याने कोर्टात जाऊन मिथाइल मेथाक्रिलेटच्या द्रवाचा नखांसाठीचा माल जप्त करवला. तेव्हापासून चांगले कारखाने त्याऐवजी इथाइल मेथाक्रिलेट वापरतात. तरी स्वस्तातल्या मालात जुनं रसायन अजून सापडतं. ओळखायची खूण अशी की नख दगडासारखं कडक होतं, फाइलने घासलं जात नाही आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही सुटत नाही. असं नख दारात अडकलं तर ते तुटत नाही, खालचं खरं नख घेऊन उखडतं.

तुमच्या गुडघ्याकडे येते. सिमेंट न वापरता बसवायचे सांधेही असतात. ते तुमच्या हाडाला चालतील का, हे तुमचं वय, हाडांची घनता आणि एक्स-रे बघून सर्जनच ठरवतील. तुमच्या टेस्टमध्ये नेमकं कोणतं मेथाक्रिलेट निघालं तेही महत्त्वाचं आहे. हेमा निघालं आणि मिथाइल मेथाक्रिलेट निघालं नाही, असंही होतं. तो कागद पुन्हा वाचा, आणि ते तपासलंच नसेल तर आता तपासून घ्या. ऑपरेशनला आठवडे हातात आहेत तोवरच.

आणखी दोन ठिकाणी हे सांगायला विसरू नका. दात भरताना दंतवैद्याला सांगा, कारण दाताच्या रंगाचं सिमेंट चिकटवायच्या द्रवात बहुधा हेमा असतं. ते लॅम्पने पक्कं झालं की सहसा त्रास देत नाही, पण कच्चं असताना हिरडीला लागू नये अशी काळजी त्यांना घेता येईल. घरात कुणाला साखर असेल आणि दंडाला चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर तुम्हालाही पुढेमागे लागणार असेल, तर त्याच्या चिकटपट्टीतली अ‍ॅक्रिलेटंही याच कुळातली असू शकतात. एका कागदावर इंग्रजीत अ‍ॅलर्जीचं नाव लिहून तो आधार कार्डाबरोबर ठेवा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिने तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून ऑनलाइन जेल किट मागवलं. त्यात सहा बाटल्या आणि चिमुकला लॅम्प आहे. मी नको म्हटलं की "आई, तुला काहीच आवडत नाही" म्हणून रडते. खरंच धोका आहे का?
— नाशिक

उत्तर : आहे, आणि घरच्या किटचा जास्त. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम केला आणि २०२१ पासून तो लागू झाला. त्यानुसार हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची आणि 'अ‍ॅलर्जी होऊ शकते' असं बाटलीवर छापायचं. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरच्या किटबद्दल लोकांना जाहीर सावध केलं. त्यांच्याकडच्या पाहणीत पॅच टेस्ट केलेल्या लोकांपैकी २.४ टक्के जणांना या कुळातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी निघाली, बहुतेक सगळ्या बायका. तुमच्या लेकीचा हात अजून ब्रशवर बसलेला नाही, जेल कातडीवर जाणार. चिमुकल्या लॅम्पमध्ये ते कच्चं राहणार. आणि चौदाव्या वर्षी अ‍ॅलर्जी जडली तर पुढे दातांना, सांध्यांना, सगळीकडे ती बरोबर असेल.

तिला 'नको' म्हणू नका, वरचं पहिलं पत्र तिला वाचायला द्या. किटचा खोका तिच्यासोबत बसून वाचा. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी हवी, आणि परदेशी माल असेल तर नोंदणीचा क्रमांक व आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. अशा किटवर यातलं काहीच सापडलं नाही, तर परत पाठवायला तीच तयार होईल. साधं नेलपॉलिश घेऊन द्या, चार रंग जास्तीचे घ्या. किट एकदा वापरून झालं असेल तर नखावरचं जेल ओढून काढू देऊ नका, नखाचे पापुद्रे निघतात. अ‍ॅसिटोनचा बोळा नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुटतं. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसू नका.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला राहते. इथे १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधलं 'टीपीओ' बंद झालं. माझ्याकडे टीपीओ असलेल्या तीन बाटल्या आहेत आणि गेली पाच वर्षं मी नियमित जेल लावते. आम्ही मूल होण्याचा विचार करतोय, त्यामुळे झोप उडाली आहे. दिवाळीला पुण्यात येईन तेव्हा तिथे करून घेतलं तर?
— आयंडहोव्हन

उत्तर : झोप उडू देऊ नका. टीपीओ म्हणजे ट्रायमिथाइलबेन्झॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड. हेमा हे विणलं जाणारं सूत म्हटलं, तर टीपीओ ही प्रकाश पडताच विणकाम सुरू करून देणारी कळ. प्राण्यांवरच्या अभ्यासांत मोठ्या मात्रेत ते पोटात गेल्यावर प्रजननावर परिणाम दिसले, म्हणून युरोपीय संघाने त्याला 'प्रजननाला घातक' या वर्गात टाकलं. त्या वर्गात गेलेलं रसायन सौंदर्यप्रसाधनांतून काढायचं, असा तिथला कायदाच आहे. जेलमुळे बायकांना अपत्यहानी झाली म्हणून ही बंदी आलेली नाही. नखावर पक्कं होताना ते बरंचसं वापरलंही जातं. पाच वर्षं लावलं म्हणून कसली तपासणी करायची गरज मला वाटत नाही. मूल हवंय, तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून सुरू करा, त्याचा उपयोग नक्की आहे.

पुण्याचं म्हणाल, तर युरोपचा नियम इथल्या दुकानाला बंधनकारक नाही. बाटली स्वतः हातात घेऊन वाचा. 'टीपीओ-फ्री' असली तरी हेमा त्यात असू शकतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या दवाखान्यात रोज जी दिसते ती हेमाची.

तीन बाटल्यांचं राहिलं. त्या मोरीत ओतू नका आणि उघड्या कचऱ्यात टाकू नका. मोजे घालून फॉइलच्या तुकड्यावर जेलचा पातळ थर पसरा, लॅम्पखाली धरा, कडक झाला की त्यावर दुसरा पातळ थर. सगळं टणक झालं की फॉइल गुंडाळून कचऱ्यात टाका. रिकाम्या बाटल्या आणि ब्रश मात्र तुमच्या नगरपालिकेच्या रासायनिक कचऱ्याच्या डब्यात द्या.